ठिपक्याचं वजन

९ फेब्रुवारी

वहिनी,

फोन करू नका, असा निरोप तू तुझ्या मावशींकडून पाठवलास. पत्राबद्दल काही म्हणाली नव्हतीस, म्हणून लिहिते आहे. पत्ता मावशींनीच दिला. त्यांना दोष देऊ नकोस. कारण सांगितल्यावर त्यांना नाही म्हणता आलं नाही.

कारण ठिपका आहे. आज सकाळी त्याचं वजन एकसष्ट ग्रॅम भरलं. तू गेलीस त्या तारखेच्या चौकोनात कॅलेंडरवर तुझ्या अक्षरात चौऱ्याऐंशी लिहिलेलं आहे. अकरा दिवसांत तेवीस ग्रॅम. साठ किलोच्या बाईचे सोळा किलो गेल्यासारखं आहे हे.

परवा संध्याकाळी आई म्हणाली, "हा असा फुगून का बसलाय? थंडी वाजतेय का त्याला?" मी जाऊन पाहिलं. तो दांडीवर नव्हता. पिंजऱ्याच्या तळाशी, कोपऱ्यात, पिसं फुगवून आणि डोळे अर्धे मिटून बसला होता. डोक्यावरचा तुरा आडवा पडला होता. हातात घेतलं तेव्हा काही घेतल्यासारखं वाटलंच नाही. छातीचं हाड बोटाला पात्यासारखं लागलं.

तसाच पिंजऱ्यासकट पक्ष्यांच्या डॉक्टर बाईंकडे नेला. बाई पन्नाशीच्या, चष्मा केसांवर ढकललेला, तोंडाने फटकळ.

"काय खातो?"

"दाणे."

"कोण घालतं?"

"मी. रोज बघते. वाटी भरलेली असते."

"भरलेली असते, की तुम्ही भरता?"

त्यांनी वाटी बाहेर काढली, माझ्यासमोर धरली आणि फुंकर मारली. सगळी वाटी उडाली. माझ्या शर्टावर, टेबलावर, त्यांच्या चहात. नुसती फोलपटं होती. तळाशी नऊ दाणे उरले. मी मोजले.

"पोपट दाणा सोलतो, आतलं खातो आणि फोलपट परत वाटीत टाकतो," चहातली फोलपटं चमच्याने काढत त्या म्हणाल्या. "तुम्ही इतके दिवस कचऱ्यावर लक्ष ठेवून आहात, बाई. शिवाय हे पिल्लू आहे. पोर बिस्कीट चघळायला लागलं म्हणून कोणी त्याचं दूध तोडतं का? याला भरवत कोण होतं?"

"वहिनी."

"मग वहिनी कुठे आहेत?"

"बाहेरगावी," मी म्हणाले.

आता मला हवं ते. पिल्लांच्या खाद्याची भुकटी किती पातळ करायची, किती गरम, दिवसातून किती वेळा, हे सगळं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. आकडे मला कळतात. तो माझ्या हातून घेत नाही, ते कळत नाही. सिरिंज तोंडाशी नेली की मान झटकतो आणि सगळं माझ्या बाहीवर. तू त्याला धरायचीस कशी? एकदा तू मला दाखवलं होतंस. मी तेव्हा तुझ्या हातांकडे बघत नव्हते, घड्याळाकडे बघत होते. मला कामावर जायचं होतं.

उत्तर एका ओळीचं चालेल. घरी सगळे बरे आहेत.

नणंद

१३ फेब्रुवारी

वहिनी,

जायला दोन दिवस, यायला दोन दिवस, म्हणजे तुझं उत्तर आजच्या आधी येणं शक्य नव्हतं. तरी काल दोनदा पेटी उघडून पाहिली.

वजन अठ्ठावन्न.

तो सध्या माझ्याबरोबर प्रयोगशाळेत येतो. खोक्यात गरम पाण्याची बाटली, वर आईने फाडून दिलेला जुना फ्लॅनेलचा तुकडा, आत तापमापक. एकतीस अंश ठेवायचं आहे. आमच्याकडे कारखान्यांचे वजनकाटे तपासायला येतात, त्यातला एक छोटा मी टेबलावर ठेवून घेतला आहे. साहेब येता-जाता डोकावतात. "काय जोखताय, बाई? पाखरू की पाप?" काल म्हणाले. सगळे हसले. मीही हसले. नंतर त्यांनी आपल्या खोलीतला हीटर माझ्या टेबलाखाली आणून ठेवला.

अठ्ठावन्न होण्याचं कारण लिहिते, कारण ते तुला कळायला हवं. चार-चार तासांनी भरवा, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. मी आठला भरवलं, बाराला भरवलं. बाराला त्याच्या गळ्याखालच्या पिशवीत सकाळचं तसंच होतं, हाताला लागत होतं. पण बारा वाजले होते. मी वरून आणखी भरलं. संध्याकाळपर्यंत ते आंबलं. पुन्हा दवाखाना, पिशवी धुऊन काढली, औषध.

"चार तास हे मी तुम्हाला सांगितलं होतं," डॉक्टर म्हणाल्या. "त्याला नाही सांगितलं. त्याला घड्याळ येत नाही."

येत्या चार-पाच दिवसांत कळेल, म्हणाल्या. काय कळेल ते मी विचारलं नाही.

आई आधी म्हणत होती, "तिचं पाखरू, तिने न्यायचं होतं." मी सांगितलं, तिच्या वसतिगृहात पाखरू चालत नाही. मग म्हणाली, "तुम्हा दोघांना मी वाढवलं ते काय थर्मामीटर लावून?" हे म्हणताना ती फ्लॅनेल फाडत होती. दादाने लिफ्टच्या कामावरून येताना चाळीसचा बल्ब आणि वायर आणली, खोक्याला भोक पाडून बसवली आणि जेवायला बसला.

मागच्या पत्रात मी लिहिलं की ठिपका आजारी पडला. पडला नाही. तू निघालीस त्या सकाळी बॅग दारात ठेवून तू मला म्हणालीस, "ठिपक्याचं बघशील ना?" मी म्हणाले, "बघते." आणि रोज बघितलं. कामावर जाताना एकदा, आल्यावर एकदा. तो दाणे फोडताना दिसला, म्हणून ठरवलं की याला आता भरवायची गरज नाही. भुकटीचा डबा कपाटात होता. मी उघडला नाही.

कसं धरायचं ते लिही.

नणंद

१८ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं कार्ड मिळालं. मायना नाही, सही नाही, सहा ओळी. पुरेसं आहे. मी त्या काट्याच्या वर भिंतीवर चिकटवल्या आहेत.

"चोच वरून धरू नकोस. डाव्या हाताची दोन बोटं मानेच्या दोन बाजूंना ठेव आणि त्याला तुझ्या अंगाशी टेकव, हवेत धरू नकोस. घड्याळ बघू नकोस, पिशवी बघ. त्याच्याशी बोलत राहा, तो आवाजाकडे तोंड करतो."

अंगाशी टेकवणं जमलं. बोलत राहणं जमेना. काय बोलायचं? तू त्याच्याशी काय बोलायचीस ते मी भिंतीपलीकडून ऐकलेलं आहे, पण ते माझ्या तोंडून यायचं नाही. एकदा मी फक्त "खा" म्हणाले. तो माझ्याकडे बघत राहिला. मग मला जे पाठ आहे ते सुरू केलं. काटा सपाट जागी ठेवावा. पंखा बंद करावा. वीस मिनिटं गरम होऊ द्यावा. प्रमाण वजन हाताने उचलू नये, चिमट्याने उचलावं, बोटाचं तेल लागलं तरी वजन बदलतं. इथे त्याने तोंड उघडलं. पहिल्यांदा चार मिलिलिटर बाहेर न सांडता आत गेले. मी सगळी पद्धत शेवटपर्यंत म्हटली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

"पाखराला शिकवणी लावलीस का गं?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

"हो."

"मग जरा पाढेही घे."

तीन दिवस हे असंच चाललं आहे. आता त्याला चिमट्याचं वाक्य कळतं असं मला वाटतं. डॉक्टर म्हणतात, त्याला आवाज कळतो, बाई, शब्द तुमचे तुम्हाला लखलाभ.

आज सकाळी रिकाम्या पोटी साठ. सलग दुसऱ्या दिवशी एक ग्रॅम वाढला. तापमान, मात्रा, वेळ, सगळं तक्त्यात लिहिते आहे, हवा असेल तर नक्कल पाठवते.

कार्डाच्या शेवटच्या ओळीत तू विचारलं आहेस, "दादाला सांगितलंस का?"

दादाशी बोलले.

नणंद

२७ फेब्रुवारी

वहिनी,

एकोणसत्तर. तो दांडीवर बसायला लागला आहे. गालावरचा केशरी ठिपका मध्यंतरी फिका पडला होता, तो परत तुझ्या वेळेसारखा दिसतो. सकाळी मी काट्यावर ठेवायला गेले की स्वतःच उडी मारून चढतो आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबत नाही, त्यामुळे तीनदा जोखावं लागतं. प्रयोगशाळेत हा विनोद झाला आहे. साहेब म्हणतात, एवढं हलणारं वजन मी तीस वर्षांत पाहिलं नाही.

डॉक्टरांनी काल त्याच्या छातीवर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "जगेल." एवढंच. मी रस्त्यावर येऊन स्कूटरपाशी बरीच मिनिटं उभी होते. किती ते मोजलं नाही.

आता दुसरं. मागच्या पत्रात मी लिहिलं, "दादाशी बोलले." वाक्य खरं होतं. बोलले ते त्याच्या खोलीतल्या पंख्याबद्दल. पंखा आवाज करतो असं मी म्हणाले, रविवारी बघतो असं तो म्हणाला. तू विचारलं होतंस ते मी त्याला सांगितलेलं नाही.

वकिलांकडून कागद आले आहेत. दोघांच्या संमतीने वेगळं होण्याचे. तुझी सही खाली आहे, नेहमीसारखी, शेवटच्या अक्षराला शेपटी असलेली. ते चार दिवस जेवणाच्या टेबलावर पडून आहेत. दादाने त्यांच्यावर पाण्याचा तांब्या ठेवला होता, आईने तो उचलून पुसला आणि कागद परत तिथेच ठेवले. सही त्याने केलेली नाही. रोज जेवताना तो त्या कागदांकडे पाठ करून बसतो, म्हणजे त्याची जागा बदलली आहे. आता तो तुझ्या खुर्चीवर बसतो.

तुला माहीत असलेलीच गोष्ट मी पुन्हा लिहिणार आहे. मला ती एकदा बरोबर क्रमाने कागदावर ठेवायची आहे.

तुला कवळ्या बनवणाऱ्या त्या दंतप्रयोगशाळेत नोकरीसाठी अर्ज करायचा होता. अर्ज मी टाईप केला. तू म्हणालीस, आधी त्यांना सांगते, मग मुलाखतीला जाते. मी म्हणाले, "आधी सांगितलंस तर तो भडकेल आणि जाणंच राहील. तू जा. दादाचं मी बघते." स्टँडवर मीच तुला सोडलं. तू त्या दिवशी माझा निळा दुपट्टा घेतला होतास. दादाला आपण सांगितलं, तू मावशींकडे गेली आहेस. आपण म्हणजे मी.

त्यानंतर तेरा दिवस होते. तेरा दिवस मी योग्य वेळेची वाट बघत होते. तो दमून आला की आज नको, हसत आला की कशाला उगाच. चौदाव्या दिवशी नेमणुकीचं पत्र आलं आणि ते त्याने फोडलं.

मी वाटाणे सोलत होते. तो पत्र हातात धरून म्हणाला, "मावशीकडे गेली होतीस, नाही? घरात एकाला तरी सांगितलंस? एकाला तरी?" तू काही बोलली नाहीस. माझ्याकडे पाहिलंस. सेकंद मोजायची मला सवय आहे, चार सेकंद पाहिलंस. त्या वेळात मी एक शेंग सोलली. त्यात सात दाणे होते. मग तो तुला खोटारडी म्हणाला. मग आई म्हणाली, "असं पाठीमागून करायला नको होतं गं." मग तू उठून आत गेलीस.

मी स्वतःला सांगत आले की प्रश्न तुला विचारला होता, मला नाही. आपल्याला विचारलेलं नसताना बोलू नये, असं मला लहानपणापासून वाटतं. तू मला काटेकोरबाई म्हणायचीस. तू ते लाडाने म्हणत होतीस.

ठिपका सत्तर ग्रॅमचा झाला की दादाला सांगेन, असं मी ठरवलं आहे.

नणंद

८ मार्च

वहिनी,

एक तारखेला तो सत्तर झाला. मी मर्यादा पंचाहत्तर केली. कारण असं दिलं की सत्तर ही तब्येत सुधारत असल्याची खूण आहे, सुधारल्याची नाही. माझं काम करणाऱ्या कोणालाही हे कारण पटेल.

पाच तारखेला तो पंचाहत्तर झाला. त्या दिवशी दादाला यायला उशीर झाला, म्हणून राहिलं. सहाला पाहुणे होते. काल सांगितलं.

तो कामावरून आला होता आणि मोरीत हाताचं ग्रीस काढत होता. मी मागे उभी राहिले.

"दादा, वहिनीने मला सांगितलं होतं."

"काय?"

"नोकरीचं. अर्ज मीच टाईप केला. मुलाखतीला स्टँडवर मीच सोडलं. ती तुला आधी सांगणार होती, मीच नको म्हणाले. तुझ्या कानावर मी घालणार होते."

नळ चालू होता. त्याने तो बंद केला नाही.

"मग त्या दिवशी काय झालं होतं तुला?"

"तू तिला विचारत होतास. मला विचारलं नव्हतंस."

तो वळला. साबणाचे हात तसेच. "मी म्हणालो, घरात एकाला तरी. दोनदा म्हणालो. एकात तू येत नाहीस? तू काय घरातलं कपाट आहेस?"

आई दारात आली होती. "बैल गेला नि झोपा केला," म्हणाली. कोणाला म्हणाली ते कळलं नाही. दादा म्हणाला, "आई, तू आत जा," आणि ती खरंच गेली. असं पहिल्यांदा झालं.

मग तो मोरीच्या काठावर बसला. पॅंट भिजली. "परवा पोस्टात टाकले मी कागद," म्हणाला. "सही करून. पाच तारखेला, कामावर जाता जाता."

पाच तारीख. मी विचारलं, "आधी कळलं असतं तर सही केली नसतीस?"

"काय माहीत. केलीही असती. ती गेली ती काय एका शब्दावरून गेली? आमचं आधीपासून धड नव्हतं, तुलाही ठाऊक आहे." मग म्हणाला, "पण खोटारडी म्हणालो नसतो. सव्वा महिना मी तेच धरून बसलोय, की तिने मला फसवलं. तेवढ्यावरच तर झोप लागत होती."

मी म्हणाले, मी तिला तसं कळवते.

"नको. शब्द माझा आहे. मागे घ्यायचा झाला तर मी घेईन. तू तुझा बघ."

आज सकाळपासून तो माझ्याशी बोललेला नाही. चहाचा कप मात्र माझ्यासमोर आणून आपटला, म्हणजे चहा केला होता. पंखाही दुरुस्त केला. आवाज बंद झाल्यामुळे घर जास्तच शांत वाटतं आहे.

तू कार्डावर हो किंवा नाही असंच विचारलं होतंस. उत्तर आता हो आहे. अठरा फेब्रुवारीला ते नाही होतं, आणि तेव्हाच्या होला किंमत होती. मधले सतरा दिवस मी एका पाखराच्या वजनाआड काढले. ते पाखरू वाचलं याचा मला आनंद आहे आणि तो आनंद मला नीट घेता येत नाही.

वजन सत्त्याहत्तर. दिवसातून तीनदाच भरवते. वाटीतले दाणे रोज सकाळी ओतून टाकते आणि नवे घालते.

नणंद

२२ मार्च

वहिनी,

तुझं पत्र मिळालं. या वेळी मायना होता.

तू लिहिलं आहेस की सांगितलंस हे बरं केलंस, सही मी मागे घेणार नाही, आणि ती तुझ्यामुळे केली असं समजून उगाच मोठेपणा घेऊ नकोस. हे शेवटचं मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बरोबर बोलली." मग डोळ्याला पदर लावला. तुझ्याविषयी ती आता जे बोलते ते तू इथे असताना बोलली असती तर, असं मला वाटतं. पण हे मी कोणत्या तोंडाने म्हणू?

पुढे तू लिहिलं आहेस, "तू त्या दिवशी तोंड उघडलं असतंस तरी मी कदाचित गेलेच असते. पण भांडून गेले असते. मान खाली घालून नाही." हे वाक्य मी दुसऱ्यांदा वाचलेलं नाही. पहिल्याच वेळी पाठ झालं.

तुला खोली मिळाली, तिथे पाखरू चालतं आणि खिडकी पूर्वेला आहे, हे सगळं वाचलं. ठिपका घेऊन ये, असं लिहिलंस, म्हणून त्याची माहिती देते. काल शहाऐंशी ग्रॅम. डॉक्टर म्हणतात, प्रवास झेपेल. संध्याकाळी एकदाच भरवायचं, तेही तो मागेल तर. दाणे स्वतः पोटभर खातो, शिवाय मक्याचे उकडलेले दाणे, गाजराचा कीस आणि माझ्या तक्त्याची डावी कड. तक्ता म्हणूनच सोबत जोडत नाही. बोलत काही नाही. डॉक्टरांनी शेवटच्या भेटीत पैसे घेतले नाहीत, म्हणाल्या, चहात फोलपटं पडली त्या दिवशी मी तुम्हाला फार टाकून बोलले. मी सांगितलं, फार नाही.

एक गोष्ट तुला कळवायला हरकत नाही असं मला वाटतं, कारण ती कोणी मला सांगू नकोस म्हणालेलं नाही. हे पत्र लिहायला मी पॅड उघडलं तेव्हा वरची दोन पानं फाडलेली होती. खालच्या कोऱ्या पानावर पेनाचा दाब उमटला आहे. तिरक्या उजेडात धरलं तर दिसतो. दादाचं अक्षर. फक्त मायना आहे, दोनदा, आणि त्याच्यापुढे काही नाही. मी त्याच पानावर लिहिते आहे. मजकुराच्या वरच्या कडेवरून बोट फिरवलंस तर लागेल. त्याला लिहिता आलं नाही, की अजून लिहायचं आहे, हे मला सांगता येणार नाही. तो पिंजऱ्याला नवीन कडी बसवून गेला आहे, जुनी प्रवासात उघडेल म्हणून.

कागद पुढे सरकले की मी तुझी नणंद राहणार नाही. तुला वहिनी म्हणता येणार नाही. तुझं नाव मी चार वर्षांत एकदाही घेतलेलं नाही, आता एकदम घेतलं तर ते चोरल्यासारखं वाटेल. म्हणून मायना तोच ठेवला आहे. चालत नसेल तर सांग.

शनिवारी सातच्या बसने निघते. कंडक्टरला विचारून ठेवलं आहे, पिंजरा मांडीवर घेतला तर चालतो. दोनपर्यंत तुझ्या दारात पोहोचेन. ठिपका तुला ओळखेल की नाही, याचा अंदाज मला नाही. पाच आठवडे त्याने माझा आवाज ऐकला आहे, आणि माझ्याकडे त्याला सांगण्यासारखं काट्यांशिवाय काही नव्हतं. मानेच्या दोन बाजूंना बोटं ठेवून अंगाशी टेकवलंस तर आठवेल.

पिंजरा दारातच देईन. परतीची बस चारला आहे, तिच्यासाठी साडेतीनला निघावं लागतं. आत ये असं तू म्हणायलाच हवं असं काही नाही. मला वाईट वाटेल आणि ते बरोबर असेल.

म्हणालीस, तर साडेसहालाही एक बस आहे.

तुझी
काटेकोरबाई